ऑलिव्हच्या रानातली आयरिश भाऊबंदकी

आज तुम्हाला जरा लांबच्या शिवारात न्यायचे आहे. स्पेनची राजधानी माद्रिद सोडून आग्नेयेला निघालात, की खारामा नदीचे खोरे लागते. जमीन पांढुरकी, चुनखडीची. पाऊस आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखा बेताचा. टेकड्यांवर ऑलिव्हच्या रांगा. झाड मोठे चिवट. तोडले, जाळले तरी बुंध्यापासून फुटते.

१९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली. एकीकडे निवडून आलेले प्रजासत्ताक सरकार, दुसरीकडे जनरल फ्रँकोचे बंडखोर सैन्य. दक्षिणेकडे एकेका मालकाची अफाट जमीन आणि तिच्यात राबणारा मजूर भूमिहीन. भांडणाचे एक मूळ तिथे होते.

पण नवल पुढेच आहे. आयर्लंड म्हणजे कुरणांचा, गाईगुरांचा, बटाट्याचा ओला देश. तिथली तरणी पोरे या भांडणात उतरली, तीही दोन्ही बाजूंनी! सुमारे अडीचशे सरकारच्या बाजूने. फ्रँक रायन त्यांचा पुढारी. सातशेच्या आसपास फ्रँकोच्या बाजूने. त्यांना नेले माजी पोलीसप्रमुख ओडफी याने. धर्म संकटात आहे, असे या दुसऱ्यांच्या मनावर बिंबले होते. आयर्लंडच्या स्वतःच्या १९२२-२३ च्या यादवीतही रायन आणि ओडफी विरुद्ध पक्षांत होते. घरचे वैर परमुलखात नेले, असेच मला वाटते.

१९३७ च्या फेब्रुवारीत दोन्ही टोळ्या याच खोऱ्यात होत्या. नदीच्या पश्चिमेला सिएम्पोसुएलोस गावी ओडफीची माणसे, पूर्वेला मोराता गावाजवळच्या ऑलिव्हच्या रानात रायनची. सरळ रेषेत मध्ये वीस किलोमीटरही नाहीत. ओडफीच्या माणसांची पहिली चकमक १९ फेब्रुवारीला झाली, ती चुकून स्वतःच्याच पक्षाच्या तुकडीशी! दोन आयरिश त्यात गेले. जूनमध्ये बहुतेक सगळे घरी परतले.

पलीकडे मात्र खरी कत्तल झाली. टिपेररीचा किट कॉनवे पहिल्याच दिवशी, १२ तारखेला पडला. टायरोनचा कवी चार्ल्स डोनेली २७ तारखेला गेला. वय अवघे बावीस. त्याचा देह बरेच दिवस रानातच पडून होता. मग सोबत्यांनी तिथेच पुरला. त्याच्या घरच्यांना ती माती कधी दिसली असेल का?

रायन १९३८ मध्ये पकडला गेला आणि १९४४ च्या जूनमध्ये जर्मनीत, ड्रेस्डेनला वारला. ओडफी त्याच वर्षी नोव्हेंबरात, मायदेशी. रायनच्या अस्थी १९७९ मध्ये आयर्लंडला आणल्या. आता दोघेही डब्लिनच्या ग्लासनेविन या एकाच दफनभूमीत आहेत.