उन्हाळी

आमच्या पेडण्याकडे बायका या दुखण्याचं नाव मोठ्याने घेत नसत. लघवीला आग होते हे सांगायचं तरी आधी इकडेतिकडे बघायच्या. मराठीत त्याला 'उन्हाळी लागणे' म्हणतात. अंगात उष्णता वाढली, लघवी जळली, एवढंच त्या शब्दामागचं निदान. उपायही तसेच: धन्या-जिऱ्याचं पाणी, सोलांचं पाणी, आडसर. पोटात पाणी जातं म्हणून थोडा आराम पडतोही. पण मूळ कारण उष्णता नव्हे, जंतू. बहुतेक वेळा ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला बिऱ्हाडकरू.

डिचोलीच्या माझ्या मावशीला काजूच्या हंगामात उन्हाळी लागली. दिवसभर भाटात. आडोसा नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. (किती बायका असं करतात!) औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय सिप्रोफ्लॉक्सासिन आणलं. खरं तर हे शेड्यूल एचमधलं औषध, चिठ्ठीशिवाय देऊच नये. दोन दिवसांत आग थांबली, उरलेल्या गोळ्या फडताळात गेल्या. महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा त्याच गोळ्या. तिसऱ्या खेपेला थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर कळ मारू लागली. मग हॉस्पिटल.

डॉक्टरांनी औषध सुरू करण्याआधी लघवी कल्चरला पाठवली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे 'आर', म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. मावशी म्हणाली, "म्हणजे माझ्या गोळ्या त्याने पचवल्या म्हण की!"

नायट्रोफ्युरँटोइनपुढे मात्र 'एस' होता, म्हणजे चालेल. मी आयसीएमआरची मार्गदर्शिका वाचून गेलो होतो. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला तीत ही जुनी, स्वस्त गोळी पाच दिवस सांगितली आहे, किंवा फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची एकच पुडी. मग हीच द्या ना, मी म्हटलं. डॉक्टर हसले. ही गोळी लघवीत उतरते, पण मूत्रपिंडाच्या मांसात पुरेशी पोचत नाही. ताप आणि पाठीतली कळ म्हणजे जंतू वर चढलाय. जंतू कोणता हे जितकं बघायचं, तितकंच तो कुठे बसलाय हेही. मावशीला सात दिवस शिरेतून दुसरं औषध घ्यावं लागलं. पहिल्याच वेळी नीट दाखवलं असतं तर कदाचित पाच दिवसांच्या गोळ्यांत भागलं असतं.

आता मावशी भाटात जाताना पाण्याच्या दोन बाटल्या नेते. काकांनी झावळ्यांचा आडोसा उभारून दिलाय. धन्याचं पाणी सुटलेलं नाही. परवा शेजारीण आग होते म्हणून 'तुझ्या त्या गोळ्या' मागायला आली. मावशीने धन्याचं पाणी दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेली.