पिट्सबर्गात फोटो कुठे काढावा?

आई-बाबांचा भिंतीवर लावण्याजोगा एक तरी फोटो काढायचा, हे यंदाच्या उन्हाळ्यात एकदाचं ठरलं. घरात त्यांचे फोटो ढीगभर आहेत, पण कशात आई डोळे मिटून तर कशात बाबा पासपोर्ट ऑफिसात उभे असल्यासारखे. शिवाय या वेळी घाई होती. आल्या आल्याच बाबांनी जाहीर केलं, "आता पुन्हा इकडे येणं नाही. माझे गुडघे त्या विमानात मावत नाहीत." बाहत्तराव्या वर्षी माणूस असं म्हणाला की वाद घालता येत नाही.

मग जागा कुठली? आईची अट साधी होती. "मागं उंच बिल्डिंगा दिसल्या पाहिजेत. नाहीतर कऱ्हाडात लोक म्हणतील, कोल्हापूरला जाऊन काढला." बाबांना हवा होता संगम. इथे अ‍ॅलेगनी आणि मोनोंगहेला एकत्र येऊन ओहायो नदी होते. बाबांनी ती जागा पहिल्याच आठवड्यात पायी पाहून घेतली आणि निकालही दिला: "आमच्या कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात. या तिरक्या येतात. पण चालेल."

माझी पीएचडीची पाच वर्षं लेझर आणि आरशांच्या संगतीत गेली. त्यामुळे सुंदर जागा दिसली की मी आधी ऊन कुठून येतंय ते बघतो. (बायको याला आजार म्हणते.) पण मंडळी, चेहऱ्याचा फोटो म्हणजे शेवटी चेहऱ्यावरच्या उजेडाचा फोटो. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख करतं आणि सत्तरीतल्या माणसाला नव्वदीत नेऊन ठेवतं. म्हणून बायकोला मॉडेल करून मी दोन शनिवार-रविवार शहरभर जागा बघत हिंडलो.

पहिला नंबर अर्थातच माउंट वॉशिंग्टनचा. तिथे १८७७ सालापासून चालणारी ड्यूकेन इन्क्लाइन ही तारेने ओढली जाणारी गाडी डोंगरावर नेते. (आईला ती इतकी आवडली, की पर्वतीला अशी गाडी का नाही यावर तिने आम्हा सगळ्यांना धारेवर धरलं.) वरून शहर म्हणजे अगदी पिक्चर पोस्टकार्ड! पण तीच तर अडचण. सगळं शहर मावावं म्हणून वाइड लेन्स लावावी तर माणसं कोपऱ्यात बोटभर उरतात, आणि जवळ जावं तर नाकं मोठी होतात. कठड्यापाशी गर्दी असते ती वेगळीच. मागून कोणीतरी वाकून बघत असताना बाबा हसणं शक्य नाही.

मग पूल. अ‍ॅलेगनीवर १९२४ ते १९२८ या काळात बांधलेले तीन सारखे पिवळे पूल आहेत, त्यांना इथे 'सिस्टर ब्रिजेस' म्हणतात. एकाला बेसबॉलपटू रॉबेर्टो क्लेमेंटेचं नाव, दुसऱ्याला चित्रकार अँडी वॉरहॉलचं, तिसऱ्याला रेचल कार्सनबाईंचं. जागा झकास, लांबवर जाणाऱ्या रेषा आयत्या मिळतात. पण आईने फोटोसाठी म्हणून आणलेली पैठणी नेमकी आंबा रंगाची! पैठणी कुठे संपते आणि पूल कुठे सुरू होतो, काही कळलं नसतं. साडी बदलशील का, असं विचारायची माझी हिंमत नव्हती.

संगमाच्या टोकाशी मोठं कारंजं आहे, पण गंमत म्हणजे तिथे उभं राहून संगम फोटोत येतच नाही. तो दिसतो समोरच्या तीरावरच्या वेस्ट एंडच्या टेकडीवरून. तिथून तिन्ही नद्या आणि मागे उंच इमारती, म्हणजे दोघांच्याही अटी एकाच जागी पूर्ण. फक्त शहराकडे पाठ केली की तोंड पश्चिमेला येतं, आणि संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत. उपाय एकच: सूर्य बुडायची वाट बघायची. जूनमध्ये इथे तो नऊला दहा मिनिटं कमी असताना मावळतो. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आकाश हाच एक प्रचंड मऊ दिवा असतो. पण ती बाबांच्या झोपेची वेळ. तरी तिथे गेलो. आईला हवा तो फोटो मिळाला, बाबा त्यात जांभई आवरताना दिसतात.

खरी जागा मात्र या यादीत नव्हतीच. ओकलंडमध्ये कार्नेगी लायब्ररीची १८९५ ची जुनी इमारत आहे. बाबा रोज सकाळी बसने तिथे जायचे. तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस, दारावर कोरलेलं 'फ्री टू द पीपल' वाचून पहिल्या दिवशी थबकला होता. "कुणीही यावं? कार्ड नसलं तरी?" सकाळी तिथल्या पायऱ्या इमारतीच्याच सावलीत असतात आणि समोर मोकळं आकाश. ऊन अंगावर नाही, पण उजेड भरपूर. फोटोवाल्याला आणखी काय हवं?

८५ ची लेन्स लावली. अ‍ॅपर्चर मात्र पूर्ण उघडलं नाही, कारण अडीच मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम नऊ सेंटिमीटरची पट्टी स्पष्ट येते, आणि दोघं बसल्यावर आई नेहमीप्रमाणे थोडी पुढे. ५.६ ला दोघंही नीट आली. बाबांच्या हातात पुस्तक होतं, ते कुठे ठेवायचं यावरून आई त्यांना म्हणाली, "अहो, ते तेवढं खाली ठेवा की." बाबांनी ठेवलं नाही. त्याच वेळी मी बटण दाबलं.

आईला हा फोटो अजून फारसा पटलेला नाही. "लायब्ररीच्या पायऱ्या काय, कऱ्हाडात पण आहेत," हे तिचं मत. बाबांनी मात्र त्याची प्रिंट केवढी निघेल, फ्रेम इथे करायची की तिकडे, आणि सामानाचं वजन किती होईल, याचा हिशोब एका कागदावर मांडून ठेवला आहे.