यंत्राची वेळ आणि आपली वेळ

गेल्या पावसाळ्यात आम्ही बालाघाट जिल्ह्यातील परसवाडा येथे आमच्या वृद्ध आत्याकडे चार दिवस राहिलो होतो. मध्य प्रदेशातील त्या मुलखात शाळा व कचेऱ्या हिंदीत चालतात. आत्याच्या घरात मात्र जेवण, प्रार्थना आणि भांडण ही तिन्ही मराठीतच होतात. घराण्यातील कोण कोठून आले, कोणाचा बाप्तिस्मा केव्हा झाला, हे सारे तिला मुखोद्गत. ती सांगत होती आणि आम्ही सोबत नेलेल्या संगणकावर टिपून घेत होतो. रात्रीपर्यंत नऊ पाने झाली. मग आत्याने पवित्र माळ हाती घेतली. आम्हीही यंत्र तसेच उघडे ठेवून प्रार्थनेस बसलो व नंतर निजलो.

सकाळी पाहतो तो एकही पान शिल्लक नाही! रात्री संगणकाने नवे अपडेट बसवून घेतले होते आणि आपण होऊन बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता. मजकूर आम्ही एकदाही 'सेव्ह' केला नव्हता.

रागाच्या भरात आम्ही ठरविले की, ही अपडेटची कटकट कायमची बंद करावयाची. तेव्हा आत्याचा नातू म्हणाला, "काका, दार कधी उघडायचे ते ठरवा, पण भिंतीला पडलेले भगदाड बुजवायचे थांबवू नका."

त्याने जे समजाविले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल. चालू असलेल्या प्रोग्रामच्या फायली वापरात असताना बदलता येत नाहीत; म्हणून यंत्रास एकदा पुन्हा सुरू व्हावे लागते. विंडोजची सुरक्षेची अपडेटे सामान्यतः दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेतून निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. 'सेटिंग्ज'मध्ये 'विंडोज अपडेट' व त्यातील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडले, की 'ॲक्टिव्ह अवर्स' म्हणजे आपल्या कामाच्या वेळा नेमून देता येतात. त्या अधिकांत अधिक १८ तासांच्या असू शकतात. तेवढ्या वेळात यंत्र सहसा आपोआप पुन्हा सुरू होत नाही. महत्त्वाचे काम हाती असेल, तर 'पॉज' करून अपडेट काही आठवडे थांबविताही येते. मात्र काम संपताच आपणच 'अपडेट अँड रीस्टार्ट' करावे, हे उत्तम.

हे सर्व थांबविल्याने काय होते, ते जगाने २०१७ साली पाहिले. त्या वर्षी मार्च महिन्यात विंडोजमधील एक उणीव दूर करणारे अपडेट निघाले होते. ज्यांनी ते बसविले नाही, अशा असंख्य संगणकांत १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्राम शिरला. सुमारे १५० देशांस त्याची झळ पोहोचली. इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांना आलेले रोगी परत पाठवावे लागले. दोन महिन्यांची चालढकल अशी महागात पडली.

आणि चालढकल आम्ही तरी काय कमी केली होती? त्या रात्रीपूर्वी कितीतरी दिवस पडद्यावर सूचना येत होती आणि आम्ही प्रत्येक वेळी 'नंतर' असे म्हणत होतो. रात्री विवेकपरीक्षण करणारे आपण, त्या 'नंतर'चा हिशेब कधी करीत नाही. क्षमा मागावयाची ती नंतर, आजाऱ्यास भेटावयाचे ते नंतर. मग ती घटका न सांगता येते आणि आपण दोष देतो घटकेला!

आत्या मात्र रागावली नाही. "दळण सांडले म्हणून कोणी जाते फोडतो का?" असे म्हणून तिने सारे पुन्हा सांगावयास घेतले. आम्ही प्रत्येक परिच्छेदानंतर मजकूर जपून ठेवू लागलो. ती थांबून विचारी, "ठेवलेस ना?" आठ पाने पुन्हा झाली. परंतु पहिल्या रात्री तिने सांगितलेली दोन नावे काही केल्या तिला आठवली नाहीत, आणि आम्हांलाही नाहीत.

ती दोन माणसे परमेश्वराच्या स्मरणात आहेतच. पण आमच्या वहीत त्यांची जागा रिकामी राहिली आहे. वाचकहो, आपल्याही घरी असे सांगणारे कोणी असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा; आणि लिहिलेले लगेच जपून ठेवा.