जात्याला ड्रमची साथ

‘गेव्होल्ट’ नावाचा एक बँड आहे. 2001 मध्ये इस्रायलमध्ये सुरू झाला. सोव्हिएत संघ कोसळला त्या सुमारास तिथून जवळपास दहा लाख माणसं इस्रायलला गेली, हे वादक त्याच लोंढ्यातले, रशियन बोलणारे. वाजवतात हेवी मेटल आणि गातात यिडिशमध्ये. 2011 च्या ‘अलेफबेस’ या अल्बममध्ये ‘तुम्बालालाइका’सारखी, आजीने नातवंडांना ऐकवावीत अशी जुनी गाणी आहेत. फक्त मागे करकरणारी इलेक्ट्रिक गिटार आणि पुढे व्हायोलिन. ऑफिसमधल्या मित्राने लिंक पाठवली तेव्हा मला हा विनोद वाटला होता. तिसऱ्यांदा ऐकताना तसं वाटेना.

त्या व्हायोलिनचं मूळ क्लेझमरमध्ये. क्लेझमर म्हणजे पूर्व युरोपातल्या यिडिशभाषक ज्यूंचं लग्नातलं वादन. आपल्याकडे सनईवाले, ताशेवाले, तसे हे लोक बिदागी घेऊन गावोगाव जायचे. आधी नवरीला रडवायचं, मग वऱ्हाडाला नाचवायचं. व्हायोलिन मध्येच हुंदका आल्यासारखं अडखळतं, त्याला यिडिशमध्ये ‘क्रेख्त्स’ असा शब्दच आहे. म्हणजे कण्हणं.

हे सगळं मोडलं, आणि आपोआप नाही मोडलं. यिडिश बोलणारे लाखो लोक नाझींनी मारले. उरलेल्यांच्या शाळा, नाटकं, छापखाने स्टालिनने बंद पाडले. 12 ऑगस्ट 1952 च्या रात्री मॉस्कोत यिडिश लेखक-कवींसह तेरा जणांना गोळ्या घातल्या. मोइसेई बेरेगोव्हस्की नावाच्या संशोधकाने कीवमध्ये बसून ज्यूंची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित करून ठेवली होती. 1950 मध्ये त्यालाही अटक झाली. सुटला 1955 मध्ये, वारला 1961 मध्ये. त्याचा संग्रह नष्ट झाला असंच लोक धरून चालले होते. 1990 च्या दशकात तो कीवच्याच व्हर्नाद्स्की ग्रंथालयात सापडला.

रशियन बोलणाऱ्या पिढीने यिडिश गाणं म्हणजे काय, हे हा इतिहास वाचल्यावर मला कळलं. आजोबांची भाषा वडिलांपाशी अडली आणि नातवाने ती पुस्तकातून, मुद्रणातून उचलली. मधली पोकळी गिटारने भरली तर बिघडलं कुठे?

मराठीत असलं काही शोधायला गेलं की पहिलं नाव ‘अभंग रिपोस्ट’चं येतं. अभंग, आणि सोबत बेस, गिटार, ड्रम. मला हा बँड आवडतो. पण अभंग कुठे मोडला होता? मी राहतो तिथून भंडारा डोंगर दिसतो आणि दर एकादशीला टाळ ऐकू येतात. तुकोबांचे शब्द उतरवून घेणारे संताजी जगनाडे इथल्याच सुदुंबऱ्याचे. तो प्रवाह वाहताच आहे, बँडने त्यात आपलं एक भांडं बुडवलं. क्लेझमर-रॉकसारखं खरंच तुटलेलं आमच्या मावळात एकच, ते म्हणजे जात्यावरची ओवी. गिरणी आली आणि ती गेली. आयांचा पहाटेचा दोन तासांचा घाम वाचला, त्याचं दुःख करण्यात अर्थ नाही.

बेरेगोव्हस्कीसारखे इथेही कोणी होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ध्वनिमुद्रणाच्या कामात त्यांच्यासोबत बर्नार्ड बेल हा संगणकवाला होता, ज्याने 1980 च्या दशकात जिम किपनबरोबर तबल्याच्या कायद्यांचं व्याकरण लिहिणारं ‘बोल प्रोसेसर’ नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. (आमच्या धंद्यातल्या कुणीतरी काहीतरी बरं केलंय हे पाहून बरं वाटतं.) हा ठेवा 2017 पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर येतो आहे.

आमची आजी नाणे मावळातली. घरातलं जातं आता लग्नाची हळद दळायलाच भिंतीपासून पुढे येतं. लोणावळ्याचा माझा एक मित्र शनिवार-रविवार रिसॉर्टमध्ये ड्रम वाजवतो आणि पर्यटकांच्या फर्माइशींना कंटाळलाय. गेव्होल्ट त्यालाही चढला. म्हणाला, आपण आजीची ओवी घेऊ, खाली ड्रम टाकू.

आजी म्हणाली, “खुंटा हातात नसंल तर मला कायबी आठवायचं न्हाय.” मग जातं मांडलं, नाचणी आणली. पहिली वैरण घातली, दोन फेरे मुकाट्याने गेले आणि तिसऱ्याला तिचा आवाज लागला. अकरा मिनिटं. त्यातल्या निम्म्या ओव्या तिच्या एका बहिणीवर होत्या, जिचं नाव आमच्या घरात कधी निघत नाही.

मित्राने ते लॅपटॉपवर घेऊन ठोक्यांच्या जाळीवर ठेवलं. बसेना. वैरण ताजी असली की जातं जड, फेरा लांबतो. दाणे सरत आले की हलकं होऊन पळतं. ओळ त्या मागे धावते, श्वास तिथेच तुटतो. त्याने प्रत्येक अक्षर ओढून ठोक्यावर आणलं, ही सोय प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. आता सगळं तालात होतं आणि ती बाई आमची आजी नव्हती.

तालाचं एक वेळ जमवता आलं असतं, ड्रमवाल्याने जात्यामागे जायचं. अडलो ते दुसरीकडेच. क्लेझमरवाला लोकांसमोर, पैसे घेऊन वाजवायचा. त्याला स्टेज दिलं तर त्याचंच त्याला दिलं. आजीला विचारलं, हे लोकांना ऐकवू का? ती म्हणाली, “आरं बाळा, ते गाणं न्हवं. कुणाला सांगता येत न्हवतं ते दगडाला सांगितलं.” मित्र म्हणाला, नावं काढून टाकू. मला ते पटलं नाही. नावं काढली तर ती बहीण पुन्हा एकदा घराबाहेर गेली असती. ट्रॅक तिथेच थांबलाय, फाइल माझ्याकडे आहे.

आजीला मी गेव्होल्टही ऐकवला. “ह्यो भांडतोय का रडतोय?” क्रेख्त्सची याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही. मग आर्काइव्हमधली डोंगरापलीकडच्या एका बाईची ओवी लावली. आजीने डोळे मिटून पहिली ओळ ऐकली आणि दुसरी यायच्या आत स्वतःच म्हटली, वेगळी.

“आमच्या खोऱ्यात अशी हाय,” म्हणाली. “लिवून घे. आन् परत लाव तिची.”