डब्यांतली शिल्लक

“कामावरून कमी केलें” हा आपल्या भाषेंतला प्रयोग आम्हांस पूर्वीं कधीं विचित्र वाटला नव्हता. १९ वर्षें हिशेबनिसाचें काम केलेल्या माणसास बेरीज-वजाबाकीची भाषा परकी वाटूंही नये. परंतु २०१७ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस तो प्रयोग प्रत्यक्ष आमच्यावर झाला, तेव्हां पहिला प्रश्न मनांत आला तो हाच कीं, आम्ही कमी झालों तें कशांतून, आणि बाकी काय उरलें? पत्र मोठें सभ्य होतें. हिशेबाचें सर्व काम यापुढें मुख्य कचेरींत एकत्र होणार, सबब पनवेलजवळच्या कारखान्यांतील हिशेबखात्याची जरूर उरलेली नाहीं, असा त्याचा मजकूर. कारखान्याचें नांव घेण्याचें येथें कारण नाहीं. त्यानें देणें होतें तें वेळेवर दिलें.

घरीं ही वार्ता सांगावयाची कशी, याची जुळवाजुळव आम्ही बसच्या सबंध प्रवासांत केली होती. ती अगदींच फुकट गेली. मातोश्री तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि सूप खालीं न ठेवतां विचारलें, “ग्रॅच्युइटी किती बसते?” शिक्षकाच्या संसारांत ४० वर्षें काढलेल्या बाईस कोणता प्रश्न आधीं विचारावा हें आमच्याहून अधिक कळत होतें. शेवटचा मूळ पगार व महागाई मिळून २६,००० रुपये. त्याचे २६ भाग करून १५ घ्यावयाचे, म्हणजे वर्षास १५,०००. १९ वर्षांचे २,८५,०००. मुलीच्या कॉलेजचे व विम्याचे मिळून ६०,००० बाजूस काढले कीं राहिले २,२५,०००. दरमहा १८,००० प्रमाणें साडेबारा महिने. नोकरी सुटलेल्या माणसाचें आयुष्य इतक्या नेमकेपणानें मोजतां येतें, हें आम्हांस त्या रात्रीं प्रथमच कळलें.

वास्तविक पाहतां पनवेल गांवालाच एकदां असें कमी करण्यांत आलें होतें. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां मुंबईचा माणूस होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरे आणि येथून गाडी करून पुण्याची वाट धरी. येथल्या गाड्यांची आणि गाड्यांच्या चाकांची त्या काळीं ख्याति होती. पुढें १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढून गेली ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल एका बाजूस राहिलें. ज्यांचें पोट वाटसरूंवर होतें त्यांच्या घरीं त्यानंतरचा पहिला पावसाळा कसा गेला असेल, हा विचार आमच्या मनास पूर्वीं कधीं शिवला नव्हता. आणि आम्हांस पत्र मिळण्याच्या दोनच आठवडे आधीं, १७ मे रोजीं, केंद्रीय मंत्रिमंडळानें रसायनी येथील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचें काम बंद करण्यास मंजुरी दिली होती. अग्निबाणास लागणाऱ्या एका रसायनाचा विभाग तेवढा इस्रोकडे जावयाचा होता. आमचा कारखाना तो नव्हे. परंतु त्या जून महिन्यांत पनवेलच्या बाजारांत भर दुपारीं स्वच्छ शर्ट घालून रेंगाळणारे, पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ बरेच दिसूं लागले. आम्ही एकमेकांस ओळखीत असूं, आणि ओळख दाखवीत नसूं.

काटकसरीस आम्ही मोठ्या आवेशानें आरंभ केला. वर्तमानपत्र बंद करून वाचनालयांत जाऊं लागलों. पहिल्या वर्गाचा पास होता तो संपूं दिला. चहा दोनांवर आणला, आणि तोही अंगणांतली गवती चहाची पात टाकून, कारण तेवढीच चहापूड वाचते. असें चार दिवस केलें कीं माणसास आपण कोणी व्रतस्थ आहोंत असें वाटूं लागतें. त्याच भरांत आम्ही ऐन आषाढांत तांदुळाचा ५० किलोंचा कट्टा घाऊक भावानें आणला. पावसाळ्याचें धान्य पाऊस पडण्यापूर्वीं, उन्हें खाऊन यावें लागतें, हें कोंकणांतल्या कोणत्याही मुलीस ठाऊक असतें. आमच्या सौभाग्यवतींनीं कट्ट्याकडे पाहिलें आणि त्या कांहीं बोलल्या नाहींत. श्रावण लागतां लागतां पोरकिड्यांनीं त्यांतला आपला वाटा उचलण्यास सुरुवात केली. मग घरांतल्या सर्व स्त्रिया तीन दुपारीं परातींत तांदूळ पाखडीत होत्या, आणि आम्ही वाचनालयांत अंमळ अधिक वेळ बसत होतों.

खरी काटकसर आमच्या डोळ्यांसमोर चालली होती आणि ती आम्हांस दिसत नव्हती. उन्हाळ्यांत फणस फोडले तेव्हांच्या आठळ्या मातींत घोळवून ठेवल्या होत्या, त्या एकेक करून भाजींत उतरूं लागल्या. परसांतलें अळू होतेंच. बाजाराच्या कडेला ठाकूर-कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. जूनमध्यें शेंवळें, मग टाकळा, कुरडू, भारंगी. शेंवळें खाजरीं, काकडांखेरीज शिजवतां येत नाहींत, आणि तीं कांहीं स्वस्तही नसतात. पण टाकळ्याची कोंवळी जुडी त्या वेळीं फुलकोबीच्या पासंगालाही लागत नसे. रात्रीं कुळथाचें पिठलें. वालाचें बिरडें आठवड्यांतून एकदां, तें मात्र सणासारखें, नारळ घालून. मातोश्रींचें म्हणणें असें कीं, मुलांना घरांत टंचाई आहे हें जिभेवरून कळतां कामा नये. गंमत म्हणजे ज्या एका दिवशीं खर्च हटकून वाढे तो एकादशीचा. साबुदाणा, दाणे, वरी, रताळीं यांचा हिशेब आम्ही कागदावर मांडून दाखविला, तेव्हां “देवाच्या खात्यांत हात घालूं नकोस” एवढेंच उत्तर मिळालें.

नोकरीचा शोध चालूच होता. पनवेल हें गाडीचें पहिलें स्थानक असल्यामुळें बसावयास जागा मिळते, हें बेकार माणसाच्या वांट्यास आलेलें एक सुख. बूट पिशवींत घालून रबरी चपलांनीं स्टेशन गांठावें, फलाटावरच्या बाकावर पाय पुसून बूट चढवावे, आणि चपला त्याच पिशवींत घालून मुंबईची वाट धरावी. मुंबईच्या टोंकापर्यंत सुमारें ८० मिनिटें. बेलापूर, कुर्ला, अंधेरी अशा नऊ ठिकाणीं आमच्या मुलाखती झाल्या. मुलाखत घेणारे बहुधा आमच्या पुतण्याच्या वयाचे असत, आणि वागत मात्र फार अदबीनें. ती अदब आम्हांस अधिक बोंचे. कारण ज्याला घ्यावयाचें असतें त्याच्याशीं माणूस घासाघीस करतो. एकानें आमचा अर्ज दोनदां वाचून विचारलें, “सर, सध्यां आपण काय करतां?” आम्ही “सध्यां टाकळा निवडतों” असें म्हणणार होतों. म्हटलें नाहीं.

आतां डब्याची हकीकत. आमच्या घरीं देवघराशेजारच्या कपाटांत पितळेचा एक डबा आहे. पहिल्या तारखेस आम्ही आणि आमचे धाकटे बंधु प्रत्येकीं १२,००० रुपये त्यांत ठेवीत असूं, आणि सबंध घराचा खर्च त्यांतून चाले. नोकरी गेल्यावर बंधु म्हणाले कीं, दादानें कांहीं महिने ठेवूं नयेत. ही गोष्ट आम्हांस मान्य होण्यासारखी नव्हती. पुष्कळ बोलणें होऊन ८,००० वर तोड निघाली. म्हणजे जुलैस डब्यांत २०,००० आले. महिनाभराचा वहींतला खर्च १८,६४०. शिल्लक १,३६० हवी. ३१ जुलैस आम्ही डबा मोजला तों त्यांत ५,३६० निघाले.

४,००० अधिक! अगदीं आमच्याच कमी पडलेल्या रकमेइतके. हिशेबनिसास तूट सहन होते, पण न सांगतां आलेली वाढ सहन होत नाहीं. हें काम बंधूंचेंच, असा आम्ही तत्क्षणींच निकाल दिला, आणि त्या रात्रीं पानावर बसल्यावर, भावजय भात वाढीत असतां, धाकट्या भावाचें दान घेण्याची वेळ आमच्यावर अजून आलेली नाहीं, असें बोलून गेलों. आणखीही एक वाक्य बोललों, तें येथें लिहवत नाहीं. भावजयीचा हात क्षणभर थांबला. बंधूंनीं मान वर केली नाहीं. ताक घेतलें, हात धुतले आणि ते माडीवर गेले. त्यानंतर आम्हां दोघांचें बोलणें मुलांच्या मार्फत चाले. एकत्र कुटुंबांत अबोला धरणें किती अवघड असतें हें वाचकांस सांगावयास नको. एका न्हाणीघरावर आणि एका वर्तमानपत्रावर (तेंही आम्हींच बंद केलेलें) किती बोलणीं अवलंबून असतात!

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यांत गौरी-गणपतीच्या सामानासाठीं मातोश्रींस थोडे पैसे काढावयाचे होते. आम्हांस वेळच वेळ. त्यांचें पासबुक घेऊन बँकेंत गेलों आणि नोंदी छापून घेतल्या. संवयीनें नजर उतरत गेली. ३ जुलै, नांवे ४,०००. २ ऑगस्ट, नांवे ४,०००.

तें वडिलांच्या मागें मिळणारें कुटुंब-निवृत्तिवेतन. त्याला मातोश्री कधीं हात लावीत नसत. आपल्या मागें बाराव्या-तेराव्याच्या खर्चासाठीं मुलांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येऊं नये म्हणून त्यांनीं तें सांठवीत आणलें होतें. ही गोष्ट सौभाग्यवतींस ठाऊक होती, आम्हांस नव्हती. घरीं येऊन पासबुक त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं आमच्या तोंडाकडे पाहिलें आणि तें साड्यांच्या घडीखालीं ठेवून दिलें. “त्यानें स्कूटरवरून नेलें दोन्ही वेळां,” त्या म्हणाल्या. “मीच त्याला शपथ घातली होती. तूं त्याला उगीच बोललास.”

त्याच सुमारास आमच्या हातीं एक किरकोळ काम आलें होतें. वस्तु व सेवा कर १ जुलैपासून सुरू झाला, आणि गांवांतले निम्मे दुकानदार गोंधळून गेले. जुन्या बाजारांतल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानदारानें, आमच्याकडून अर्धा किलो खिळ्यांची चौकशी होत असतां, आम्हांस बसावयास खुर्ची दिली. जुलैचें पहिलें विवरणपत्र २० ऑगस्टपर्यंत भरावयाचें होतें; १९ तारखेस सरकारी संकेतस्थळच बंद पडूं लागलें, म्हणून मुदत २५ पर्यंत वाढली. २५ ऑगस्ट म्हणजे नेमकी गणेशचतुर्थी! २४ च्या रात्रीं स्त्रिया स्वयंपाकघरांत मोदकांची तयारी करीत होत्या, पेणहून आलेली शाडूची लहान मूर्ति रुमालाखालीं होती, आणि आम्ही भावजयीचा संगणक घेऊन ओटीवर झगडत होतों. अर्धें पान भरावें आणि चक्र फिरत राहावें. बाराच्या सुमारास बंधु खालीं आले. कांहीं वेळ मागें उभे राहिले. मग आम्हांस बाजूस सारून बसले आणि म्हणाले, “दादा, तूं आंकडे सांग, मी भरतों.”

२४ दिवसांनंतर आमच्याशीं बोललेलें तें त्यांचें पहिलें वाक्य. आम्ही आंकडे सांगूं लागलों. मध्येंच चक्र फिरत असतां आम्ही म्हणालों, “त्या रात्रीं मी जें बोललों—” “इनपुट क्रेडिटचा आंकडा पुन्हां सांग,” ते म्हणाले. आम्ही पुन्हां सांगितला. दोन वाजून गेल्यावर पावती उमटली. दुकानदारानें १,५०० रुपये दिले. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस आम्ही डब्यांत ९,५०० ठेवले.

नोकरी पुढें लागली नाहींच. दिवाळीपर्यंत सात दुकानांचे हिशेब आमच्याकडे आले, शिमग्यापर्यंत अकरा. आणि २०१८ च्या एप्रिलांत आमचा वांटा पुनश्च १२,००० वर गेला. त्याच महिन्यापासून आम्ही मातोश्रींच्या खात्यांत दरमहा ४,००० गुपचूप भरूं लागलों. पासबुक छापून आणावयाचें काम आमच्याचकडे असल्यामुळें तें त्यांच्या दृष्टीस पडणार नाहीं, असा आमचा हिशेब. तिसऱ्या महिन्यांत त्या बंधूंच्या स्कूटरवरून परस्पर बँकेंत जाऊन आल्या. रात्रीं सगळे पानावर बसलेले असतां पासबुक आमच्यापुढें ठेवून म्हणाल्या, “बँकेवाले चुकून माझ्या खात्यांत पैसे घालताहेत. तूं हिशेबनीस ना? उद्यां जाऊन त्यांना सांग.” बंधूंनीं मान खालीं घालून ताक मागितलें.