विटाळाचा वास

गोराईला जायचं तर बोरिवलीच्या धक्क्यावरून बोट धरावी लागते. खाडी ओलांडायला दहा मिनिटं पुरतात. रस्त्यानं जायचं म्हटलं तर भाईंदर, मग उत्तन, मग खाली गोराई, असा मोठा वळसा. मधी एवढंसं पाणी, पण त्या पाण्यानं मुंबईतलं एक गाव मुंबईपासून तोडून ठेवलं. अलीकडे टॉवर, पलीकडे होड्या, जाळी, मिठागरं, ताडाची झाडं. अलीकडचे लोक पलीकडे बघतात आणि पयलं काय म्हणतात? ‘वास येतो.’

ह्या वासाबद्दल मला लिहायचं आहे. कारण वास ही जातीची सगळ्यात जुनी भाषा आहे. तोंडानं ‘विटाळ’ म्हणायला आता लोक बिचकतात. कायदा आहे. पण नाकाला रुमाल लावायला कुठला कायदा आडवा येतो?

मी राहतो खाडीच्या अलीकडच्या काठावर, बोरिवलीच्या वस्तीत. काम करतो भिवंडीला, मागावर. आठवडाभर तिथंच. सुट्टीच्या दिवशी घरी येतो, आणि घरी करमलं नाही की बोटीत बसून गोराईला जातो. शाळा अर्धी राहिली. जे वाचलं ते रद्दीतून आणि वाचनालयातून. गोराईबद्दल जे सांगतो आहे तेही तसंच जमवलेलं. थोडं पुस्तकातून, थोडं धक्क्यावरच्या माणसांकडून.

गोराई ज्या बेटावर आहे त्याचं नाव धारावी. आपल्याला ठाऊक असलेली झोपडपट्टीची धारावी ही नव्हे. ही उत्तरेची. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला गोराई-मनोरीची खाडी, वरती वसईची खाडी. मनोरी, गोराई, उत्तन, पाली, चौक ही सगळी ह्या बेटावरची गावं. पोर्तुगीज १५३४ च्या तहानं वसई-साष्टीचे मालक झाले. चर्च उभी राहिली, कोळी-कुणब्यांचे बाप्तिस्मे झाले. मराठ्यांनी १७३७ साली साष्टी घेतली, १७३९ साली वसईचा किल्ला जिंकला. १७७४ साली इंग्रज ठाण्याला येऊन बसले. १८८७ साली राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा इथल्या ख्रिस्ती लोकांनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ असं नाव घेतलं. १९५७ साली मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. राजे बदलले, झेंडे बदलले, पण पहाटे पाण्यात उतरणारी माणसं तीच राहिली.

धर्म बदलला पण जात चर्चच्या पायरीवर उतरवून ठेवता आली नाही. कोळी ख्रिस्ती, कुणबी ख्रिस्ती, भंडारी ख्रिस्ती ही ओळख मागं चिकटूनच राहिली. आमच्याही गावानं १९५६ नंतर दीक्षा घेतली. आम्ही देव सोडले. पण गावानं आम्हाला हाक मारायची रीत कुठं सोडली?

बोरिवलीला एक्सर नावाचा भाग आहे. तिथं जुने वीरगळ उभे आहेत. त्यांच्यावर समुद्रातली लढाई कोरलेली आहे. लांबलचक नावा आणि नावांमधी वल्ह्यांच्या रांगा. काही अभ्यासक म्हणतात, शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचे यादव यांच्यात १२६५ च्या सुमाराला जी लढाई झाली ती ही. मी ते दगड पुन्हा पुन्हा बघितलेत. वरच्या पट्टीत वीर स्वर्गात पोचतो. खालच्या पट्टीत वल्ही मारणारे, सगळे एकसारखे कोरलेले. त्यांना स्वर्ग नाही. राजाचं नाव इतिहासकारांनी शोधून काढलं. वल्हेकऱ्यांचं नाव कुणी विचारलंसुद्धा नाही.

आता हवेबद्दल. कोळ्याचा इतिहास हवेशिवाय सांगताच येत नाही.

ह्या किनाऱ्याला डोल लावतात. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. ते पाण्यात पक्कं बांधून ठेवायचं. मासळीमागं पळायचं नाही. पाण्याची ओढ जाळ्याचं तोंड उघडते आणि मासळी आत ढकलते. म्हणून कोळ्याचं कॅलेंडर चंद्राचं. अवस-पुनवेला उधाण, पाणी जोरात धावतं, जाळं भरतं. अष्टमीच्या आसपास भांग पडतो, पाणी मऊ होतं, हात रिकामे. शहरातला माणूस अवसेला घाबरतो, कोळी अवसेची वाट बघतो.

जून लागला की नैऋत्येचा वारा येतो. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. होड्या वाळूवर ओढून झापांनी, ताडपत्रीनं झाकतात. १ जूनपासून यांत्रिक बोटींना सरकारी बंदी असते. पण सरकार नव्हतं तेव्हाही ही बंदी होतीच. ती दर्यानं घातलेली. त्या दिवसांत मासळी अंडी घालते. मग नारळी पुनवेला नारळ द्यायचा आणि पाण्यात उतरायचं.

पावसानंतर हवा फिरते. रात्री जमिनीकडून दर्याकडे मतलई वारा वाहतो. थंडी आली की उत्तरेची कोरडी हवा येते. ती आली की बोंबील सुकतो. बोंबील म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच. ताजा हातात धरला तर निसटतो. म्हणून कोळणी दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवतात आणि बांबूच्या मांडवावर ताणलेल्या दोऱ्यांवर जोडी टाकतात. दोन-तीन दिवस ऊन-वारा लागला की तो काठीसारखा कडक होतो. मग गोणी भरून घाट चढून जातो.

मी मागवाला आहे म्हणून मला एक गंमत दिसते. सुताला ओली हवा लागते. हवा कोरडी झाली की धागा ठिसूळ होतो, तटातट तुटतो. मुंबईत १८५४ नंतर कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्याला इथल्या दमट हवेचाही हात होता. म्हणजे एकाच किनाऱ्याची हवा. ती ओली असली की गिरणीवाल्याचं पोट भरायचं, कोरडी झाली की कोळणीचं. दोघंही हवेचे मजूर. हवेची मजुरी मात्र तिसराच घेऊन जायचा.

गिरणीची अजून एक गोष्ट सांगतो, म्हणजे वासाचा मुद्दा ध्यानात येईल. गिरणगावात आमच्या लोकांना साचेखात्यात, म्हणजे मागावर, घेत नव्हते. कारण काय? कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आणि धागा भोकातून तोंडानं ओढायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? जिथं पगार जास्त तिथं विटाळ जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगारांनो एक व्हा म्हणता, मग आधी धोटा तरी एक करा, असा त्याचा अर्थ. आज मी मागावर आहे. धोटा हातात घेतला की हे आठवतं.

आता १९७२ साल. मराठवाड्यात दुष्काळ पडला. आमचा आजा बायकोपोरं घेऊन निघाला आणि बोरिवलीला येऊन थांबला. त्याच साली महापालिकेनं गोराईच्या खाडीकाठी कचरा टाकायला सुरुवात केली. दुष्काळानं हाकललेली माणसं आणि शहरानं हाकललेला कचरा, दोघांना एकच पत्ता मिळाला. आज्यानं आधी रस्त्यावर खडी फोडली, मग डम्पिंगवर भंगार वेचलं. आईनंही वेचलं. मी लहान असताना तिच्या पदराला तो वास असायचा. मला तो आईचाच वास वाटायचा.

पस्तीस वर्षं शहर तिथं ओतत होतं. भाजीचा पाला, मेलेलं जनावर, प्लॅस्टिक, दवाखान्यातल्या सुया. कचऱ्याचा डोंगर झाला. पावसाळ्यात त्याचं काळं पाणी झिरपून खाडीत जायचं. खाडीत निवट्या, खेकडे, कालवं. ती वेचून खाडीकाठच्या बाया पोट भरायच्या. २००७ साली डम्पिंग बंद झालं. वर माती टाकली, आज हिरवा टेकाड दिसतो. पण डोलीत मासळीबरोबर प्लॅस्टिक अजून येतं. पाण्याची ओढ निवड करत नाही. शहर जे सोडतं ते जाळ्याला द्यावंच लागतं.

आई आता एका टॉवरमध्ये धुणीभांडी करते. तिथं नियम आहे: कामवालीनं डब्यात सुकट-बोंबील आणायचे नाहीत, लिफ्टमध्ये वास राहतो. त्याच घरांचा ओला कचरा रोज सकाळी आई पिशवीत भरून खाली आणते. तेव्हा लिफ्टला वास येत नाही. म्हणजे बघा, त्यांची घाण आमच्या हातात असली की ती काम असते, आमचं अन्न आमच्या डब्यात असलं की ती घाण होते. मनूला तरी ह्यापेक्षा काय वेगळं सांगायचं होतं?

आमच्या मराठवाड्यातल्या घरात बोंबील म्हणजे सणच. आठवडी बाजारातनं आणलेले चार बोंबील तव्यावर भाजायचे, खलबत्त्यात लसूण-मिरची कुटायची, भाकरी. आज्यानं दर्या बघितला नव्हता तेव्हाही दर्या त्याच्या ताटात येत होता. गावची विहीर आम्हाला बंद होती, पण शेकडो मैलांवरच्या पाण्यातला मासा येत होता. त्याला कुणी अडवलं नाही, कारण त्यांना तो नकोच होता.

धक्क्यावर जाळं शिवत बसलेल्या एका मावशीला मी हे टॉवरचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, ‘पोरा, मासलीचा वास मासली खाली का जातो. त्यांचे शहराचा वास पावसान वर येतो.’

गोराईच्या बाजूला आता पॅगोडा उभा आहे. २००९ साली त्याचं उद्घाटन झालं. आत खांब नाही, दगडात दगड अडकवून उभा केलेला प्रचंड घुमट, तथागतांचे अस्थिधातू आहेत. आमचे लोक लांबून येतात, बोटीतून उतरतात. काही जण वाटेत मासळीच्या वासानं नाक दाबतात. मग मला राग येतो. अरे, तू सुद्धा? पहिलं शील प्राण्याची हिंसा करू नको म्हणतं, हे मला पाठ आहे. पण शील म्हणजे दुसऱ्याच्या घामाची शिसारी नव्हे. नाशिकच्या लेण्यांत एक लहानसं लेणं मुगुदास नावाच्या माणसानं कुटुंबासह दान दिलेलं आहे. शिलालेखात तो स्वतःला ‘दासक’ म्हणवतो आणि वाचणाऱ्या पंडितांनी त्याचा अर्थ कोळी असा लावला आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी गोष्ट. भिक्खूंच्या संघानं त्या माणसाचं दान घेतलं, हात धुऊन ये म्हणाले नाहीत. त्याचं नाव दगडावर कोरू दिलं. एक्सरच्या राजांना जे जमलं नाही ते तिथं झालं.

दर्या आता बदलतो आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. डिसेंबर २०१७ मधी ओखी वादळाचा पाऊस ऐन सुकवणीच्या दिवसांत पडला. मे २०२१ मधी तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. पुण्याचे हवामान अभ्यासक सांगतात की अरबी समुद्र तापतो आहे आणि वादळं वाढली आहेत. भलत्या महिन्यात पाऊस आला की मांडवावरचे बोंबील एका रात्रीत कुजतात. तेव्हा खरंच वास येतो. त्या वासात कोळणीचं कर्ज असतं, पोरांची फी असते. दर्या तापवला कुणी? होडीवाल्यानं नाही. आणि आता वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंत मोठा रस्ता आखला आहे. त्यासाठी खाडीतली हजारो कांदळवनं तोडायची आहेत. भरतीला जी झाडं अंगावर घेतात तीच. डम्पिंगच्या वेळी कुणी गावाला विचारलं नव्हतं.

दोस्तांनो, मी कोळी नाही. कोळ्यांच्या अंगणात आमच्या लोकांना नेहमी पाट मिळाला असंही नाही. जातीच्या उतरंडीत प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी ठेवलेलं आहे. पण ज्याच्या श्रमाला वास म्हणतात आणि ज्याच्या स्पर्शाला विटाळ म्हणतात, त्या दोघांनी एकमेकांसमोर नाक दाबायचं की हात पुढं करायचा, हे ठरवायला आता उशीर करून चालणार नाही. उधाण कुणाची वाट बघत नाही.

ह्या सुट्टीला मी पाव किलो बोंबील घेतले. आईला सांगितलं, उद्याच्या डब्यात हेच ने.