पुलावरचा शिपाई

ऑनलाइन रोलप्लेमध्ये नवख्याला पहिला नियम सांगतात: दुसऱ्याचं पात्र आपण हलवायचं नाही. ‘मी तलवार उगारली’ इथवर माझं. ती लागली की नाही, हे समोरचा लिहिणार. दिवसभर कोडमध्ये प्रत्येक शक्यता बांधून ठेवणाऱ्या मला असं अर्ध्यावर सोडून झोपायला फार आवडलं.

१९७४च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये फासे असतात, निवाडा करणारा डन्जन मास्टर असतो. १९७८मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने ‘मड’ लिहायला घेतला, रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. तिथे निवाडा प्रोग्रामचा. आमच्याकडे दोन्ही नाही, नुसता भरवसा. म्हणून सुरुवातीला अजिंक्य राजपुत्र घेऊ नये. ज्याला काहीतरी हवंय आणि जो हरू शकतो, असं पात्र घ्यावं. (सगळे राजपुत्रच घेतात.)

मी पळपुटा शिपाई घेतला. जोडीला एकीची वैदीण. दीड वर्ष आम्ही लिहिलं. तिचं खरं नाव, गाव मला माहीत नाही. उत्तरं पहाटे यायची, एवढंच. मार्चमध्ये ती थांबली. शेवटचं वाक्य माझं आहे: शिपायाने पुलावरून हात पुढे केला.

गटातले म्हणतात, वैदिणीला मारून टाक, गोष्ट पुढे जाऊ दे. एका परिच्छेदाचं काम. पण तो हात ती धरते की नाही, हे मी कसं लिहिणार? मी फक्त पावसाळा लिहिलाय. पाणी चढतंय, शिपाई उभा आहे.